शेवटच्या धारा

आई, तू जाऊन बरीच वर्षं झाली, पण या आठवड्यात डेअरीत जे कळलं ते आधी तुलाच सांगायला हवं.

तुझा नेम मी मोडलेला नाही. रेडकू पिऊन झालं की पहिल्या धारा त्याच्या उष्ट्या, त्या डेअरीच्या बादलीत. शेवटच्या धारा देवाच्या, वेगळ्या तांब्यात. गावातच दिलंस मला, म्हैस माझी झाली, तरी तेच चाललंय. आणि डेअरीत फॅट कमी लागतं, म्हणून दर कमी मिळतो, तेही तुझ्यासारखंच.

तुझ्या वेळी डेअरीत फॅट मामा काढायचा. अजून दिसतं, ॲसिड घातलेल्या काचेच्या नळ्या तो गरगर फिरवतोय, आणि तू दारातून सगळ्यांदेखत म्हणतेस, "थोरल्या बहिणीच्या दुधातलं चोरतोस व्हय रं?" तो एवढंच म्हणाला, "आक्का, नळीत दिसतंय त्येच लिवलंय." त्यानंतर भाऊबीजेला तू त्याला कधी ओवाळलं नाहीस.

आता ॲसिड नाही, नळ्या नाहीत. यंत्र चमचाभर दूध ओढून घेतं आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडतं. फॅट त्यातला काही उजेड अडवतं. किती अडला त्यावरून आकडा येतो. निपाणीची एक मुलगी ते चालवते, निम्म्या गिऱ्हाइकांशी कानडीत बोलते. मी म्हटलं, "तुझं यंत्र बिघडलंय." ती हसली. "काकू, उजेडाला काय म्हाईत म्हस कुणाची ते? शेवटपर्यंत पिळताय न्हवं?"

"शेवटचं देवाचं असतंय."

"मग लोणी देवच खातोय की! तो तांब्या आणा उद्या."

देवाचं दूध तपासायला मन धजेना. आधी देवाला घातलं, उरलेलं नेलं. आकडा बादलीच्या जवळजवळ दुप्पट. घट्ट दूध कासेत मागं राहतं आणि शेवटी उतरतं, असं तिनं समजावलं.

म्हणजे मामा खरं तेच लिहीत होता.

नेम मी बदलणार नाही. चांगलं ते देवाला गेलं, त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं? पण मामाचं काय? काल संध्याकाळी गेले. तो ओसरीवर तूर निवडत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मशिननं सांगितलं तवा पटलं व्हय? मी काय मुका हुतो?" मग सुपात बघतच त्यानं विचारलं, "आक्काला कधी कळलं का गं?"

"कळलं होतं, मामा. जाताना तुझं नाव काढलं तिनं."

त्यानं सूप बाजूला ठेवलं, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि आत हाक मारली, "अगं, भाची आलीया, ताट वाढ."

तू नाव काढलं नव्हतंस, आई. रोज देवापुढं बसणारी मी, सरळ खोटं बोलले आणि पोटभर जेवून आले. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, पाठवायला तर ठिकाणच नाही. पण तुला सांगून ठेवते, त्यानं पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच सांगेन.