डॉक्टरांना रस्त्यात उतरवलं तेव्हा

टेशी,
२६ फेब्रुवारी १९९६

चि. कोरकोर हिस देदेआत्याचे अ. आ.

पत्र पोचलं. जेवतेस की नाही ते लिहिलं नाहीस, म्हणजे जेवत नाहीस. तमालेच्या धुळीत खोकला लावून घेऊ नकोस.

इकडे तुझ्या बाबांना शवागारात ठेवून महिना होत आला, तरी दफनाचा दिवस ठरत नाही. तुझ्या मोठ्या काकांचं, म्हणजे आमच्या दादांचं, म्हणणं, या किनाऱ्यावर अँब्युलन्स म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा माझ्या डॉक्टर भावाने ट्रोट्रो मिनीबसच्या ड्रायव्हरांना रक्त थांबवायला शिकवलं, तर त्याला निरोप द्यायला मंत्री आलाच पाहिजे. मंत्री तारीख देतात आणि बदलतात.

त्यात ड्रायव्हर मंडळींनी सुताराकडून शवपेटी करवून घेतली, ती थेट अँब्युलन्सच्या आकाराची. पांढरी, वर लाल दिवा. पाद्री अशिते म्हणतात, मागे एका कोळ्याची माशाच्या आकाराची पेटी मी चर्चच्या दारातून परत पाठवली, आता गाडीला कसं आत घेऊ? दादा म्हणतात, शोभा होईल. मी गुपचूप जाऊन पाहून आले. तिची चाकं फिरतात गं.

आई नाही म्हणून तुला कुणी विचारणारं नाही असं समजू नकोस. लोभ आहेच, तो वाढता असू दे.

तुझी,
देदेआत्या


तमाले,
४ मार्च १९९६

ती. स्व. आत्यास,
कोरकोरचा शि. सा. न. वि. वि.

खोकला नाही. झोप मात्र उडाली आहे. हॉस्पिटलातल्या ड्यूटीवर फोन वाजला की उठते, नाही वाजला तरी उठते. बाबा बूट घालूनच झोपायचे आणि आई चादरीवरून भांडायची, आठवतं ना? वाटेत दगावलेल्या माणसाबद्दल ते कधी देवाची इच्छा म्हणाले नाहीत. म्हणायचे, आपण उशिरा पोचलो. त्या माणसाला तुम्ही मंत्र्यासाठी बर्फात ठेवलंय. इथले सोबती विचारतात, झालं का सगळं, आणि मी दुसऱ्याच कामाला लागते.

मी काकांना लिहिलं तर म्हणतील, उत्तरेला जाऊन पोरगी उर्मट झाली. तूच बोल. तुझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. पेटी कसलीही असो, मला काही वाटणार नाही. पण आता पुरे.

माया केलीस तशीच पुढेही कर.

तुझी,
कोरकोर


टेशी,
११ मार्च १९९६

चि. कोरकोर हिस अ. आ.

बोलले. दादा आधी गरजले, की बायकांना मानपान कळत नाही. मी म्हटलं, मंत्री मागाहून येऊन कबरीवर फुलं वाहू देत, कबर काही पळून जात नाही. दोन दिवस गेले. मग एका सकाळी अंगणात आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, शनिवार, तेवीस तारीख.

पेटी चर्चमध्ये जाणार नाही, पण पाद्री बाहेर अंगणात येऊन प्रार्थना म्हणतील. ओकाई ड्रायव्हर बाबांची जुनी व्हॅन आणतोय, पेटी त्यातूनच न्यायची. तुझा दुखवट्याचा काळा-लाल पोशाख शिवायला टाकलाय. माप जुनंच दिलंय, तेव्हा निदान आठवडाभर नीट जेव.

वाट बघते आहे, तेवढं ध्यानात असू दे.

देदेआत्या


तमाले,
२७ मार्च १९९६

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

न सांगता निघून आले. रागावली असशील, तर मीही रागावले आहे.

शनिवारी बाबांना नेताना वळणावर लाकडं भरलेल्या ट्रकने त्या केंके, म्हणजे मक्याचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या बाईला उडवलं ते तू पाहिलंस. मांडीतून रक्त थांबत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, दुसरी गाडी बोलवा. ओकाईने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. पेटी असताना ती बाई आडवी मावली नसती, म्हणून आम्ही बाबांना उतरवलं. काका माझा दंड धरून म्हणाले, बापाला रस्त्यावर टाकून निघालीस? मी दंड सोडवून घेतला.

तू शिवून घेतलेल्या पोशाखाची पट्टी फाडून बांधली आणि हॉस्पिटल येईपर्यंत दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. अयेले तिचं नाव. ऑपरेशन होऊन ती वाचेल असं कळल्यावरच उठले आणि मिळेल त्या गाडीने थेट दफनभूमीत आले. तिथे मातीचा ढीग होता आणि त्यावर फुलं. घरी मंडळी जेवत होती. काकांच्या दारावर थाप मारली, उत्तर नाही. मग कुणाशी बोलावंसंच वाटलं नाही. सकाळची पहिली बस धरली.

बापाला एक मूठ मातीही माझ्या हातून पडली नाही, आत्या. मंत्र्यासाठी एवढे दिवस थांबलात, माझ्यासाठी थोडं थांबता आलं नाही?

कोरकोर


टेशी,
३ एप्रिल १९९६

चि. कोरकोर हिस अ. आ.

पत्र वाचून खूप रडले, मग तुझा रागही आला. पोशाख फाडलास तो बरा केलास, माणसांचं वाईट वाटून घेतलंस ते चुकलं. आम्ही थांबलो होतो गं.

अयेलेच्याच दोन बाकांवर पेटी ठेवली. ड्रायव्हरांनी रस्त्यात उभं राहून बाकीच्या गाड्या पुढे सोडल्या. उन्हाने पेटीचा रंग मऊ होऊन त्यावर बोटं उमटायला लागली. दादा शेजारी बसले आणि छत्री पेटीवर धरली, स्वतः उन्हात. एका शहाण्याने सुचवलं, भाड्याची गाडी आणू. दादा म्हणाले, त्याची गाडी कामावर गेली आहे, येईल. पाद्रींनी मग तिथेच प्रार्थना सुरू केली आणि केंक्याच्या गिऱ्हाइकांनीही सूर धरला.

ओकाई परत आला तो तुझा निरोप घेऊन, की ऑपरेशन संपेपर्यंत तू उठणार नाहीस. आम्ही पेटी दफनभूमीत नेऊन तिथेही तशीच वाट बघितली. पण सूर्य मावळल्यावर तिथला माणूस पुरू देत नाही. दादा त्याच्याशी भांड भांड भांडले आणि हरले. आपली मूठ टाकल्यावर दुसरी मूठ भरली आणि मोठ्याने म्हणाले, ही कोरकोरची.

आणि ते बंद दार. आत कुणी नव्हतंच. दफनभूमीतूनच दादा मासे आणि केंके घेऊन ओकाईबरोबर तुला आणायला गेले होते. तू दुसऱ्या रस्त्याने आलीस. अयेलेजवळ कुणी नाही असं पाहून तिची आई येईपर्यंत ते तिथेच बसले. घरी आले तेव्हा तू झोपली होतीस आणि त्यांनी मला उठवू दिलं नाही. सकाळी चटई रिकामी. दिवसभर जेवले नाहीत.

आता एक दिवसाआड सूप घेऊन हॉस्पिटलात जातात. नात्यातलं नसेल त्याला वॉर्डात सोडत नाहीत, तर नर्सशी हुज्जत घालतात, की माझ्या भावाची पेशंट आहे.

काकांना चार ओळी लिही. या म्हातारीवरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
देदेआत्या