सातव्या ग्रीनचं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

आज मी काहून बोलली? अकरा वर्षं झाली, गोल्फच्या मैदानावर गवत निंदून राहिली, पण साहेब लोकांपुढं कधी तोंड उघडलं नाही. ते आले की आम्ही बायांनी खुरपी उचलून झाडामागं उभं राहायचं, असा नियमच आहे.

सातव्या ग्रीनवर, म्हणजे सातव्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, भलेभले हरतात. उतार दिसते डावीकडे, म्हणून सगळे चेंडू उजवीकडून मारतात. पण रोज सकाळी तिथं पाइपानं पाणी मीच मारते. पाणी जाते उजवीकडे. असली लबाड जमीन दुसरी नाही, अन् मले तीच सगळ्यात आवडते.

आज दिल्लीचा मोठा साहेब नेम धरून उभा होता. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "साब, पानी दाहिने जाता है."

"अच्छा, अब घासवाली सिखाएगी?" सगळे हसले. त्यानं मारला आपल्याच मनानं. चेंडू घरंगळत गेला उजवीकडच्या वाळूच्या खड्ड्यात. मग कोणी हसलं नाही.

सुपरवायझर म्हणे, "कल साब से माफी माँगो, नहीं तो गेट से ही लौट जाना."

घरी हे म्हणतात, "माग ना, तुझं काय जाते?"

माझं काय जाते! मघाशी अंगण धुतलं, तर पाणी कुठं जाते तेच पाहत बसली. दुसऱ्या कोणाच्या हाती तो पाइप जाईल, हे काही सोसवत नाही.

मागीन माफी. बोलली म्हणून मागीन. चुकीचं बोलली म्हणून नाही.