आईला विश्रांतीसाठी जहाजावर नेलं, त्याबद्दल

अण्णा, उद्या सकाळी टेम्पो येणार आहे. आई स्वयंपाकघरात बरण्या जुन्या साड्यांत गुंडाळते आहे आणि मला तिथं थांबू देत नाही, म्हणून मी पुढच्या खोलीत बसून हे लिहिते आहे. हायवेवरचे ट्रक चालूच आहेत. नळदुर्गात काही बदललं नाही असं लिहिणार होते, पण ते बरोबर नाही. रस्ता रुंद झाला, आणि तुमच्या डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हा मी अकरावीत होते. आता पुण्यात एका कारखान्यात मशीनचा आवाज आणि थरथर मोजायचं काम करते. तुम्ही लांब पेचकस इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावायचात, तेच हे काम. पेचकसाच्या जागी सेन्सर आहे आणि कानाच्या जागी पडद्यावरचा आलेख, एवढाच फरक. एकदा तुमच्या दुकानात मी मध्येच काहीतरी बोलले, तेव्हा तुम्ही मान न वळवता म्हणाला होतात, "आधी कान दे. तोंड मागनं." ते अजून लागू पडतं. ऑफिसात मी कमी बोलते असं सगळे म्हणतात.

आईचं सांगायला हवं. गेल्या वर्षभरात ती घरात दोनदा चक्कर येऊन पडली. पहिल्यांदा मोरीत. दुसऱ्यांदा गॅसजवळ, आणि तेव्हा गॅस चालू होता. दूध जळल्याचा वास आला म्हणून शेजारच्या काकू धावत आल्या. मला ते सहा दिवसांनी कळलं, तेही काकूंकडून. सोलापूरच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि मला बाहेर बोलावून दोन गोष्टी सांगितल्या : यांना एकटं ठेवू नका, आणि यांना विश्रांती द्या. पहिलीसाठी मी दर दिवाळीला तिला विचारतच होते, पुण्याला चल म्हणून. दर दिवाळीला ती म्हणायची, "माझं हितं बरं हाय." कारण देत नसे. कारण दिलं असतं तर मला ते खोडता आलं असतं. तिसऱ्यांदा ती पडेल तेव्हा काकू घरी असतीलच असं नाही, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून यंदा मी क्रम बदलला. आधी विश्रांती, मग प्रश्न.

जहाजाची कल्पना ऑफिसातली. मुंबईहून निघायचं, गोव्याला जाऊन परत यायचं, तीन रात्री. जेवणाच्या सुट्टीत यावर दोन तट पडले. एकजण बायकोबरोबर जाऊन आला होता. तो म्हणाला, "चार दिवस डोकं बंद. स्वयंपाक नाही, ट्रॅफिक नाही, फोनला रेंज नाही." दुसरी सासू-सासऱ्यांना घेऊन गेलेली. ती म्हणाली, "डोकं बंद? अगं, त्यापेक्षा लग्नघर बरं! जेवायची वेळ, खेळाची वेळ, लिफ्टला रांग, आणि कंटाळा आला तरी उतरता येत नाही." मी दोघांचंही ऐकून घेतलं. उतरता येत नाही, हे मला सोयीचं वाटलं. तिथून आई दूध तापत ठेवलंय म्हणून उठून जाऊ शकणार नव्हती.

बंदरावर पहिला खटका उडाला तो भाकरीवरून. तिनं कडक भाकऱ्यांची अख्खी चवड आणि शेंगाची चटणी मला न सांगता बॅगेत भरली होती. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, असं तपासणीवाली बाई तिसऱ्यांदा सांगते आहे, मागं रांग वाढते आहे, आणि आई तिला विचारते आहे, "भाकरीत काय बाँब ठिवलाय का, माय?" शेवटी आईनं तिथंच उभ्यानं एक भाकरी मोडली, अर्धी स्वतः खाल्ली आणि अर्धी त्या बाईच्या हातात दिली. ती बाई हसली. मला हसू आलं नाही, मी घड्याळ बघत होते. आत जेवणाच्या हॉलमधली टेबलं बघून आई दारातच थांबली. "लग्न कुणाचं हाय?" खोली आवरायला येणाऱ्या बाईच्या आधी उठून तिनं दोन्ही पलंगांच्या चादरी स्वतः ताणल्या, कारण परक्या बाईनं आपलं अंथरूण काढायचं हे तिला पटेना. "आई, तिला त्याचा पगार मिळतो," मी म्हणाले. "मिळू दे की. मी कुठं कापतेय?"

मीही काही विश्रांती घेत नव्हते. खोलीच्या भिंतीला हात लावला की एक संथ हेलकावा जाणवायचा, वाढणारा आणि ओसरणारा. दोन इंजिनांच्या वेगात किंचित फरक असला की असं होतं. त्यात धोका काही नसतो. हे माहीत असूनही मी तो मोजत बसले होते. आई पलंगावर उताणी पडून छताकडे बघत म्हणाली, "लई गप हाय गं हितं. ट्रक न्हाईत." मी तिला एका कागदावर खोलीचा नंबर आणि मजला लिहून दिला. चुकामूक झाली तर हा कागद कुणालाही दाखवायचा आणि खोलीवर यायचं, मीही खोलीवर येईन. "व्हय, व्हय," म्हणत तिनं तो पर्समध्ये घातला. मी तिच्याकडून नंबर दोनदा म्हणवून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारायचं असं मी ठरवलं होतं. दुपारी जादूचे प्रयोग बघायला गेलो. ते संपले आणि सगळे एकदम बाहेर पडले. जहाजाच्या मधोमध एक मोठा हॉल आहे, तीन मजले उघडा, वर गॅलऱ्या आणि काचेच्या लिफ्ट. आईचा हात माझ्या हातात होता. तो मीच सोडला, लिफ्टसाठी कार्ड काढायला. कुठल्यातरी सहलीचा चाळीस-पन्नास माणसांचा घोळका आमच्यामधून गेला, आणि मान वर केली तर आई नव्हती. घोळक्याबरोबर पुढं गेली असणार असं धरून मी लिफ्टनं सरळ खोलीवर गेले. ठरलं होतं तसं. तिथं दहा मिनिटं थांबले. ताणलेली चादर, घडी घातलेला टॉवेल, पाण्याच्या ग्लासाशेजारी तिची दुपारची गोळी, न घेतलेली.

मग मी शोधायला लागले. जेवणाचा हॉल. बायकांची बाथरूम, तीन मजल्यांवरची. सगळ्यात वरचा डेक. तिथं माणसं पोहत होती, गाणी लागली होती, आणि मी कठड्याजवळ जाऊन त्याची उंची बघत होते. कठडा माझ्या कोपरापर्यंत येतो. आई माझ्याहून चार बोटं बुटकी. चक्कर आली तरी माणूस यावरून जाणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि तरी खाली पाण्याकडे बघितलं. खालच्या काउंटरवर त्यांनी शांतपणे नाव विचारलं आणि स्पीकरवरून पुकारा केला, एकदा हिंदीत, एकदा इंग्रजीत. आईचं पूर्ण नाव. म्हणजे मध्ये तुमचं. बारा वर्षांत तुमचं नाव इतक्या मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. काउंटरवर कुणीही आलं नाही.

चाळीस मिनिटं शोधल्यावर मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती त्याच हॉलमध्ये होती. हात सुटला त्याच खांबाला पाठ टेकून, पदर डोक्यावर, पर्स छातीशी.

"कागद दिला होता ना तुला?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"दिलता की. हाय पर्समधी."

"नाव पुकारलं, ते तरी ऐकलंस?"

"ऐकलं. तुझ्या अण्णांचं नाव घेतलं भोंग्यावर."

"मग आली का नाहीस?"

"तू कागद काल दिलास. ते आधीच सांगून गेलेत."

मला तिथं उभ्याउभ्या आठवलं. मी सहा वर्षांची आहे, नवरात्रात आपण तुळजापूरला आलोय, देवळाच्या पायऱ्यांवर माझा हात सुटतो आणि मी तुम्हाला शोधत गर्दीत चालायला लागते. तुम्हाला मी दोन तासांनी सापडले, फुलवाल्यांच्या रांगेत. तुम्ही मारलं नाहीत. उकिडवे बसलात, माझे दोन्ही दंड धरलेत, आणि म्हणालात, "शोधायला जायचं न्हाय. दोघंबी फिरत राहिलो तर गाठ पडंल का? हात सुटला तिथंच थांबायचं. मी येतो." माझ्याकडून ते म्हणवून घेतलंत. मग आईकडे वळून तिच्याकडूनही. ती लाजली होती, आजूबाजूला माणसं होती, पण तिनं म्हटलं : हात सुटला तिथंच थांबायचं. तुमचं म्हणणं चूक नव्हतं. दोघांतलं एक जागेवर असेल तर शोध लवकर संपतो. खोली ही एकच जागा ठरवून मीही तेच केलं होतं. पण आईकडे आधीच एक जागा ठरलेली असेल, हे मी धरलंच नव्हतं. मी अख्खं जहाज बघितलं, ती सोडून.

संध्याकाळी डेकवरच्या खुर्च्यांवर बसलो. तिनं गोळी घेतली. माझ्याकडे सगळं तयार होतं : पुण्यात घराजवळ दवाखाना, तळमजल्यावरची जागा, काकूंचंही मत, गॅसची गोष्ट. मी सुरुवात केली, "आई, पुण्याला..."

"येते," ती म्हणाली.

"काय?"

"पुण्याला येते म्हनलं. कधी निघायचं?"

माझे सगळे मुद्दे ती नाही म्हणेल असं धरून केलेले होते. ती समुद्राकडे बघत पोटऱ्या चोळत होती. मग आपणहून म्हणाली, "लई वेळ उभी होते. पाय भरून आले. तवा कळलं."

"काय कळलं?"

"ते काय येत न्हाईत आता." मग खुर्चीच्या हाताला धरून उठली. "चल, जेवायला चल. तुझं ते लग्नाचं जेवण गार व्हईल."

पुढचे दोन दिवस ती बरी होती. दुपारी झोपली, एका गुजराती बाईशी मैत्री केली, खोली आवरणाऱ्या बाईला चादरीचं एक टोक धरू दिलं. परतल्यावर ऑफिसात मला विचारलं, "मग? डोकं बंद की लग्नघर?" मी म्हणाले, "ठीक होतं." आता इथं रोज एकेक कपाट रिकामं होतं आहे. तुमची हत्यारं मी पुण्याला नेते आहे. आईनं त्यांना तेल लावून ठेवलं होतं, दरवर्षी दसऱ्याला, मला हे माहीत नव्हतं. मध्येच ती हातातलं काम सोडून दाराकडे बघते आणि पुन्हा बांधाबांध करायला लागते. मी विचारलं, मनापासून येतेस ना? ती म्हणाली, "टेम्पो सांगितलास ना? मग आता काय विचारतीस?"

एक आकडा दुरुस्त करायचा आहे. मी तिला चाळीस मिनिटं शोधलं असं तिला सांगितलं, वर तुम्हालाही तेच लिहिलं. ती तेहतीस आहेत. तेहतिसाव्या मिनिटाला मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघितलं आणि मला ती खांबाशी दिसली. पहिली दोन मिनिटं पाय थरथरत होते म्हणून मी कठडा धरून उभी राहिले, ती धरायची नाहीत. उरलेली पाच मिनिटं पाय ठीक होते. ती कुठं आहे ते मला दिसत होतं. ती उभी होती, श्वास घेत होती, आणि तिला मी दिसत नव्हते. मला कुणाला काही विचारायचं नव्हतं, कुणाचं काही ऐकायचं नव्हतं. भिंतीतला हेलकावा मी मोजत नव्हते. चार दिवसांत तेवढीच विश्रांती मला मिळाली. खाली आई समोरून येणाऱ्या बायकांकडे बघतसुद्धा नव्हती. ती पुरुषांचे चेहरे बघत होती, एकेक करून. मला ते दिसलं, आणि तरी मी हलले नाही. लगेच गेले असते तर तिला ते कळलं असतं का, ती आज डबे बांधत असती का, हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही. हे कागद आईच्या हाताला लागतील असे मी ठेवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ते जायची सोय नाही. त्या दिवशी लिफ्टमध्ये तिनं माझा हात घट्ट धरला होता. वर जाता जाता तिनं विचारलं, "कवा दिसले गं तुला मी?"

"आत्ताच," मी म्हणाले.