हाड डोंगरावरच बसवायचं

३ मार्च
रोजनिशी लिहिणारी बाई मी नव्हे. आज भर बैठकीत जीभ आवरली, ते पोटात राहत नाही, म्हणून लिहिते.

डोंगरावरच्या दवाखान्यात मोडलेली हाडं बसवायची सोय करा, म्हणून कधीची मागे लागले आहे. तिथले पाय शहरात माझ्या ऑपरेशनच्या टेबलावर येतात ते सडूनच. दरवर्षी शिबिराला येणाऱ्या पाहुण्या सर्जन-पथकाचे प्रमुख हसून म्हणाले, "मॅडम, त्यांना फक्त खाली पाठवायला शिकवा. ऑपरेशनला आम्ही आहोत ना!"

आहेत — वर्षातून आठवडाभर. एरवी लोकांनी पडायचंच नाही की काय?

५ मार्च
रजा टाकली. उद्या डोंगरावर. लेक फोनवर, "आई, या वयात कसली ही तंगडतोड?" म्हटलं, तंगडजोड!

६ मार्च
पथकाने दिलेलं भारी ड्रिल कपाटात पडून. बॅटरी गेली, नवी इथे मिळत नाही. मी हार्डवेअरच्या दुकानातलं आणलंय. निर्जंतुक कापडी पिशवीत घालून वापरायचं. इथली डॉक्टर — पोरगीच — डोळे विस्फारून, "मॅडम, याने भिंतीला भोकं पाडतात!"

"हाडालाही पडतात. धर."

हात चांगला आहे. काळीज चिमणीचं.

११ मार्च
गवंडी पडला. नडगी मोडून हाड बाहेर. मी हात मागे बांधून उभी. पोरगी सारखी वळून बघे. "माझ्या तोंडावर काय लिहिलंय? जखमेत बघ!"

जखम धुतली, हाडात सळ्या घातल्या, बाहेरून चौकट आवळली. सुरेख! मी म्हटलं, "बरं आहे." सिस्टर तिच्या कानात, "बाईंचं 'बरं' म्हणजे सुवर्णपदक समजा."

१२ मार्च
निरोप घ्यायला गेले तर पोरगी रडवेली. "तुम्ही मागे होता म्हणून जमलं. एकटीने नाही व्हायचं." फार चिडले. कारण ते खरं आहे. गवंडी पाय वाचला म्हणून हसतोय, आणि पुढचा पाय ही पोरगी खालीच पाठवणार.

१३ मार्च
उतरताना वळणावर जीप कलंडली. ड्रायव्हर ठीक. माझी उजवी नडगी — हाड बाहेर. मागून आलेला दूधवाला म्हणाला, "शहरात पोचवतो." म्हटलं, गाडी वळव. वर.

डॉक्टर पांढरीफटक. "मॅडम, पथकाला फोन लावते—"

"फोन ठेव. हात धू."

भूल द्यायची तयारी चालली आहे, तेवढ्यात लिहिते.

सुपूर्द: घड्याळ, चष्मा — सिस्टरकडे. उजवा पाय — डॉक्टरसाहेबांकडे.