दिवंगत बुरुल एसेनगुलोवा हिच्याकडून मागितलेल्या खुलाशाबाबत

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
जिल्हा रुग्णालय, चोलपोन-साय

विषय : मयत परिचारिकेस बजावलेली नोटीस मागे घेणे व बालविभागातील परिचारिकांचे औषध देण्याचे अर्धवट राहिलेले प्रशिक्षण पुरे करणे.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची माझ्या पत्नीच्या नावे आलेली नोटीस.

महोदय,

मी, तोकतोसून एसेनगुलोव, दूध संकलनाच्या टँकरचा चालक, पुढीलप्रमाणे अर्ज करतो. नोटीस माझ्या पत्नीच्या नावे आहे, पण ती उत्तर देऊ शकत नसल्याने मी देत आहे.

१. गेल्या शरद ऋतूत मी घाटावरून दूध घेऊन उतरत होतो. आमच्या गल्लीत वळलो तेव्हा माझ्याच फाटकासमोर पुरुष रांगेने उभे होते, आणि अंगणात शेजाऱ्यांनी तंबू उभारायला घेतला होता. आमच्याकडे याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. मी टँकर रस्त्याच्या मधोमध सोडला. त्या रांगेत आपणही होता. बुरुल बालविभागात नव्या परिचारिकांचा वर्ग घेत होती आणि शिकवता शिकवता खाली बसली, ती उठलीच नाही, हे मला आपणच सांगितले. तेव्हा तिच्या मृत्यूची माहिती आपल्या कार्यालयाला नव्हती, असे म्हणता येणार नाही.

२. दफनाआधी इमामांनी रिवाजाप्रमाणे विचारले की मयताकडे कुणाचे काही येणे आहे का. मी म्हणालो, तिच्याकडे कुणाचे काही राहिले असेल तर माझ्याकडे या, मी फेडीन. कुणी पुढे आले नाही. आपण मात्र टोपी छातीशी धरून सगळ्या गावासमोर म्हणालात, "बुरुल एजेचं, आपल्या सगळ्यांच्या थोरल्या बहिणीचं, शिकवणं एक दिवसही थांबणार नाही. हा माझा शब्द आहे." म्हातारी माणसे रडली. मीही रडलो, याचे आता वाईट वाटते.

३. चाळीसाव्याच्या जेवणाला त्या वर्गातली जिपारा नावाची परिचारिका भांडी घासायला मागे थांबली. हात पुसत ती मला थोरल्या भावाच्या नात्याने म्हणाली, "बायके, त्या दिवशी मी बोलू शकले नाही, पण माझं येणं राहिलंय. एजेनी आम्हाला औषध मोजायला शिकवलं. द्यायचं कसं ते शिकवायचं होतं, आणि त्या गेल्या." मी शब्द दिला होता. ट्रक चालवणाऱ्याने हे देणे फेडायचे कसे, हे विचारायला मी आपल्याकडे आलो. आपण म्हणालात, परिचारिकांकडे पदविका आहेत, त्यांना आणखी काय शिकवायचे, आणि बुरुलचे शिकवण्याचे पदही आता रद्द झाले आहे. मी पुन्हा आलो तेव्हा आपण जेवायला बसला होता. वर्गाच्याच खोलीत. भिंतीवर बुरुलचा फोटो, त्याला कागदी फुले, आणि खाली पाहुण्यांसाठी उकडलेल्या मटणाचे ताट. आपण मलाही बसायला सांगितलेत. मी बसलो नाही, हे आपल्याला उद्धटपणाचे वाटले, असे नंतर आपल्या शिपायाकडून कळले.

४. आता ज्या घटनेबद्दल खुलासा मागितला आहे तिच्याविषयी. ही माहिती जिपाराने व एलदार या मुलाच्या आईने मला माझ्या स्वयंपाकघरात बसून दिली आहे. आपल्या चौकशीने दोघींपैकी कुणालाही बोलावले नाही.

बालविभागात खिडकीजवळच्या खाटेवर साबिर नावाचा मुलगा होता, त्याला आकडीचे औषध चालू होते. शेजारच्या खाटेवर त्याच्याहून लहान, अजून बोलायला न लागलेला एलदार होता, तो न्यूमोनियाचा रुग्ण. जिपाराने साबिरचे पाजायचे औषध सिरिंजमध्ये भरले. तेवढ्यात राजधानीतून पाहणीला आलेले पाहुणे दारात आले. बुरुल असताना नियम असा होता की औषध हातात असलेल्या परिचारिकेने कुणाच्याही सलामाला उत्तर द्यायचे नाही. तिने आपल्यालाही एकदा उत्तर दिले नव्हते, आणि ते आपल्या मनातून गेले नाही. ती गेल्यावर आपण पहिला हुकूम काढलात तो हाच, की वरिष्ठ येताच सर्वांनी हातातले काम ठेवून उभे राहावे. जिपाराने सिरिंज ठेवली आणि ती उभी राहिली. विभाग नीटनेटका दिसावा म्हणून मुलांच्या आयांना बाहेर घालवले होते. फोटोत धष्टपुष्ट मूल यावे म्हणून साबिरला दाराजवळ आणले आणि एलदारला खिडकीजवळ सरकवले. पाहुणे गेले. जिपाराने सिरिंज उचलली.

औषध देण्याआधी मुलाचे नाव मोठ्याने घ्यायचे असते. जिपाराच्या सासऱ्यांचे नाव साबिर आहे. आमच्याकडची सून ते नाव तोंडातून काढत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या सुनाही काढत नाहीत. ती रोज त्याला "खिडकीतला" म्हणत असे. तिने दुसऱ्या परिचारिकेला विचारले, "खिडकीतल्याचं राहिलंय ना?" ती म्हणाली, "हो, दे की." जिपाराने खाट पाहिली, चेहरा पाहिला नाही, आणि साबिरचे औषध एलदारच्या पोटात गेले.

आई परत आली तेव्हा मुलगा जागा होईना. तिने उचलले तर मान लोंबली आणि श्वास रेंगाळत येत होता. ती त्याला घेऊन जिन्यावरून ओरडत खाली धावली, म्हणून तो वाचला. आपल्या अहवालात लिहिले आहे की मूल घरी गेले असल्याने नुकसान झालेले नाही. त्याची आई अजून त्याला झोपू देत नाही. डोळा लागला की हलवून उठवते.

५. नोटिशीतील प्रश्नांची उत्तरे अनुक्रमे.

"सदर परिचारिकेस आपण प्रशिक्षण दिले होते काय?" अर्धे दिले होते. उरलेल्या अर्ध्यात हेच होते. जिला नाव घेता येत नाही तिने काय करायचे, हे बुरुलने केव्हाच ठरवून ठेवले होते. सासऱ्याचा मान ठेवायचा. नाव मुलाच्या आईकडून वदवून घ्यायचे, आई नसेल तर दुसऱ्या परिचारिकेकडून, आणि मुलाच्या हातावरच्या नावाच्या पट्टीशी जुळवायचे. कुणीच बोलायला नसेल तर औषध परत ठेवायचे. मला हे माहीत आहे कारण ती वर्गाची तयारी माझ्यावर करत असे. मी जमिनीवर मांडी घालून लहान मुलगा व्हायचो आणि सिरिंजने पाणी प्यायचो. जुन्या तुकडीतल्या एकीची सासू भांडायला आली होती, तिला बुरुल म्हणाली, "आपा, सून तुमची आहे, मूल दुसऱ्याचं आहे. ती नाव घेणार नाही, पण कुणीतरी घेईल." म्हातारी चहा पिऊन गेली.

"घटनेच्या दिवशी आपण कोठे होता?" गावाच्या वरच्या कबरस्तानात. आपण स्वतः तिच्यावर फावड्याने माती टाकली आहे.

"समक्ष हजर न राहिल्यास दोष मान्य आहे असे समजण्यात येईल." ठरल्या दिवशी तिच्या वतीने मी हजर होतो. आपल्या कारकुनाने विचारले, "बायके, तुम्ही एसेनगुलोवा आहात का?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मग त्यांना गैरहजर लावतो. मेल्याचा दाखला असेल तर आणा, शेरा मारू." दाखला याच रुग्णालयाने दिला आहे आणि त्यावर आपली सही आहे. तरी प्रत जोडली आहे.

जिवंतपणी तिने आपल्याला कधी त्रास दिला असेल तर त्याचा राग तिच्यावर जिवंतपणी काढायचा होता. मेलेल्या बाईच्या डोक्यावर स्वतःच्या हुकमाचे खापर फोडणे हे मी टँकर चालवणाऱ्यांतही पाहिलेले नाही.

६. तरी मागणी पुढीलप्रमाणे आहे. नोटीस लेखी मागे घ्यावी. जिपाराला कामावरून काढले आहे, तिला परत घ्यावे, मात्र शिकून होईपर्यंत तिच्या हातात औषध देऊ नये. हे तिचेच म्हणणे आहे. उभे राहून सलाम करण्याचा हुकूम बालविभागापुरता रद्द करावा. वर्गाच्या खोलीतले जेवण दुसरीकडे न्यावे. फोटो मी काढून नेईन, त्याची तेथे गरज नाही.

प्रांताच्या रुग्णालयात बुरुलबरोबर शिकलेली एलनुरा नावाची ज्येष्ठ परिचारिका आहे. मी तिला भेटलो. ती म्हणाली, "मी येते, बायके. पण तुमच्या साहेबांचं बोलावणं लागतं, नाहीतर मला सोडणार नाहीत." तिला आणणे-पोचवणे मी करीन. ती माझ्या घरी राहील, माझी बहीण सोबतीला येईल. रुग्णालयाला एक सोमही खर्च नाही. तिने सांगितलेला बोलावण्याचा मजकूर मी टंकलिखित करून आपल्या टेबलावर ठेवला. पुढच्या वेळी आलो तेव्हा त्यावर चहाचा पेला होता.

आपण सही करत नसाल तर तसे लिहून द्यावे. मी तो कागद मशिदीसमोर, सगळ्या गावासमोर वाचीन, जसा आपण शब्द दिला होता.

जिपाराच्या तुकडीतल्या बाकीच्या मुली रोज सकाळी बालविभागात औषधे देत आहेत. बोलावण्यावर सही झालेली नाही, आणि त्यांचे उरलेले अर्धे प्रशिक्षण झालेले नाही.

आपला
(नम्र हा शब्द या खेपेस लिहवत नाही)

तोकतोसून एसेनगुलोव
दिवंगत बुरुल एसेनगुलोवा हिचा पती
चोलपोन-साय, दि. ११ एप्रिल

सोबत :
१) आपली नोटीस, मूळ, परत.
२) मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
३) एलनुरा यांच्या बोलावण्याचा मजकूर, नव्याने टंकलिखित, सहीची जागा रिकामी.