फोन छपराखालून आला

सोमवार संध्याकाळ, गुढियारी

आज यांचा फोन आला. हे बस्तरच्या जंगलात कामावर. तिथं टॉवर नाही, म्हणून ऑफिसनं सॅटेलाइट फोन दिलाय. तो उघड्या आभाळाखालीच लागतो, आवाज उपग्रहावरून फिरून येतो, म्हणून उत्तरही जरा थांबून येतं. यांनीच सांगितलेलं मले. मग आज उत्तर लगेच काहून आलं? मागे पंखाही घरघरत होता. जंगलात पंखा?

"खरं सांगा, कुठून बोलून राहिले?"

"कॅम्पातून."

तेवढ्यात बाईचा आवाज, "भैया, फोन रखिए." कोण ही?

तीच म्हणाली, "सलाइन बदलनी है."

मग हे हळूच बोलले, "मलेरिया झाला. जगदलपूरच्या दवाखान्यात आहो. तुले घोर नको म्हणून..."

मलेरियाच ना? की आणखी काही लपवून राहिले? डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास नाही. सकाळच्या बसनं निघते.