बांधावरच्या खुर्च्या

कोंढा, मंगळवार, संध्याकाळ

आज परदेशी स्वयंसेवकांचा पहिला दिवस. तलावातली बेशरमाची झुडपं उपटायची होती, म्हणजे तिथं पुन्हा मासे वाढतील. बांधावर पोचलो तर आमच्यासाठी निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, आणि निम्म्या मासेमार बायका आमच्याच स्वयंपाकाला लागलेल्या. आम्ही आल्यानं काम वाढलं की कमी झालं?

त्यांच्या गटाच्या प्रमुख शेवंताबाई. त्यांना म्हटलं, "हे लोक काम कराले आले."

"पाहुने हायेत न जी. चिखलात कायले उतरतीन?"

मी स्वयंसेवक पोरांना सांगितलं, आज बसून घ्या, या बायकांचा मान राखा. त्यांच्यातल्या एलिनानं ऐकलं नाही. आपली खुर्ची उचलून चुलीकडं नेऊन ठेवली आणि गुडघाभर चिखलात उतरली. बायका आधी हसल्या. मग झुडूप मुळासकट कसं काढायचं, ते शेवंताबाईंनी तिला दाखवलं. एकेक करत बाकीचेही खुर्च्या ठेवून आले.

चिडलो होतो. मी या पोरांचा प्रमुख, आणि मला न विचारता? जाऊ दे, मुद्दा तो नाही. त्या निळ्या खुर्च्याच डोक्यातून जात नाहीत. दुपारी बांधावर एकच उरली होती, आणि तिच्यात मी बसलो होतो.